तुमचा फोन वाजत कसा नाही?

घरातले विचारतात, छापखान्यातले तर दर आठवड्याला. मी घरी बसून प्रुफं तपासते. डोळ्यांसमोर फर्मा असताना मध्येच 'टिंग' झालं की ओळ सुटते आणि 'स्वातंत्र्यदीन' तसाच छपाईला जाऊ शकतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, यात निग्रहबिग्रह काही नाही. मी फक्त आवक रोखली.

बहुतेक जण साफसफाईला बसतात. रविवारी दुपारी गॅलरी उघडायची आणि फोटो पुसत सुटायचं. जुन्या फोटोंत रमण्यातच अर्धा वेळ जातो आणि सोमवारी सकाळी गुलाब, वाफाळता चहा, 'शुभ सकाळ' पुन्हा हजर! गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. त्यात हे गुलाब कशाला पोसायचे? व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे. तिथे मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग, तिन्हींखालच्या ऑटो-डाउनलोडच्या खुणा काढून टाका. मग गुलाब येतो, पण धूसर चौकोन होऊन. बोट लावल्याशिवाय उतरत नाही. (मी लावत नाही. मामांना हात जोडलेला इमोजी मात्र न चुकता जातो.)

नोटिफिकेशनचं तेच. बँकेचे मेसेज आणि कॉल सोडून सगळी बंद.

नात्यातल्या ग्रुपचं प्रकरण नाजूक. २०२२ पासून कुणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण आमच्या ग्रुपच्या ॲडमिन आत्या आहेत, म्हणजे झालंच! त्यामुळे सोडायचा नाही, अर्काइव्हमध्ये टाकायचा. तिथला ग्रुप नवा मेसेज आला तरी वर उसळत नाही. सवड झाली की बारशाची, साखरपुड्याची खबर एकदम वाचून होते.

हे झालं माझ्यापुरतं. खरी गंमत सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात आहे. कोरोनात शाळा मोबाइलवर आली आणि नंतरही मुलांच्या हातून फोन सुटेना. तेव्हा मोहित्यांचे वडगावने १५ ऑगस्ट २०२२ पासून नेम धरला: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. मला यातली मेख फार आवडते. मेसेज पाठवणाराच फोन ठेवून बसलेला असतो, मग आपलं काही राहून गेलं अशी चुटपुट लागेल कशाला?

आमच्या सोसायटीत भोंगा लावला तर सभासद मलाच बाहेर काढतील. म्हणून कामाच्या लोकांना एवढंच सांगून ठेवलं, तातडीचं असेल तर मेसेज नको, थेट फोन करा. छापखान्यातले आधी कुरकुरले. आता रात्रीच्या 'अर्जंट' फायली सकाळी मेलवर येतात. फोन कुणीच करत नाही.