तापाला उतार पडला का?

मागच्या आठवड्यात चार दिवस तापाने आडवा होतो. व्हायरल, विशेष काही नाही, पावसाळा लागला की घरटी एक जण पडतोच. आईचा गावाहून सकाळ-संध्याकाळ फोन. तिसऱ्या दिवशी फोन स्पीकरवर होता आणि तिने विचारलं, "तापाला उतार पडला का रे?" आमचे चिरंजीव सहावीत, इंग्लिश मीडियम, मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "उतार म्हणजे स्लोप ना?" मग आई म्हणाली, "गोळीचा गुण आला का विचारतेय," तर हा म्हणे गुण म्हणजे मार्क्स.

हसलो, पण अंथरुणात पडल्या पडल्या दुसरं करायला काय असतं, हेच शब्द डोक्यात घोळवत बसलो. गुण येणं मला फार आवडतं. गोळी तीच, पॅरासिटामॉल, पण आईच्या मते आमच्या गावच्या डॉक्टरांनी दिली की गुण येतो कारण "त्यांच्या हाताला गुण आहे". आता याला कुठलं सायन्स लावणार.

आणि गंमत म्हणजे आजारपणात आपण हे शब्द हल्ली फारसे वापरतच नाही. तिथे इन्फेक्शन, कोर्स, डोस, साइड इफेक्ट. जुने शब्द मात्र मेले नाहीयेत, ते दवाखान्यातून बाहेर पडून भलतीकडेच कामाला लागलेत. पथ्यच घ्या. पथ्य म्हणजे खाण्यापिण्याची बंधनं, तेलकट नको, आंबट नको, एकूण आयुष्य बेचव. पण एखादी गोष्ट "पथ्यावर पडली" म्हणजे फायद्याची झाली! माझा ताप मुलाच्या चांगलाच पथ्यावर पडला, चार दिवस अभ्यासाला कोण विचारतंय. मात्रा हे पूर्वी सहाणेवर उगाळून मधातून द्यायचं औषध, रोगी अगदी शेवटाला आला की हेमगर्भाची मात्रा चाटवायचे. आता ऑफिसात "साहेबापुढे कुणाची मात्रा चालत नाही" एवढ्यालाच उरली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पार्किंगबद्दल "माझा नाइलाज आहे" म्हणतो, तेव्हा त्यात इलाज आहे हे त्याच्या गावीही नसतं. आणि औषधाचं तर विचारूच नका, घरात कोथिंबीर औषधालाही नाही असं बायको म्हणाली की मला उठून बाजारात जावं लागतं. (तापात नाही गेलो. पथ्यावर पडलं म्हटलं ना.)

उताऱ्याने तर कमाल केलीये. विषावर उतारा, तलाठ्याकडचा सातबारा उतारा, पेपरातला "खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा", आणि अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला लिंबू-भाताचा उतारा, ज्याला आई आम्हाला वळसा घालून जायला लावायची. मुलाला हे चारही सांगितले तर तो म्हणाला, मग पेपरातला उतारा पण वळसा घालून सोडला तर चालेल का.

पण सगळ्यात भारी दारू. फारसीत दारू म्हणजे औषधच. दवादारू हा जोडशब्द म्हणूनच आला, औषध आणि औषध, जसं कागदपत्र. मराठीत मात्र ती एकीकडे बाटलीत गेली आणि दुसरीकडे तोफेत, दारूगोळ्यात. इराणमध्ये आजही मेडिकलच्या दुकानाला दारूखाने म्हणतात, आणि आपल्या मुंबईत रे रोडला दारूखाना आहे तिथे जुनी जहाजं तोडतात. तिथे क्रोसिन मागायला जाऊ नका.

बाळगुटीचे शब्द मात्र खरंच जाणार असं वाटतं. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, आणि प्रत्येकाचे सहाणेवर मोजून वेढे, म्हणजे उगाळतानाचे फेरे, पोट फुगलं तर याचा एक जास्त, खोकला असेल तर त्याचा. आईला हे सगळं पाठ. मुलगा झाला तेव्हा आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी गुटी नको आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको म्हणून स्पष्ट सांगितलं होतं, ते आम्ही पाळलं आणि ते बरोबरच होतं. आईने सहाण धुवून पुसून फडक्यात बांधून परत नेली, बोलली काही नाही. वेढा या शब्दाचा हा अर्थ माझ्या मुलाला कधी कळायचं कारणच नाही, त्याला वेढा म्हणजे पन्हाळ्याचा.

पाचव्या दिवशी ताप गेला. आईचा फोन, "आता दोन दिवस पथ्य पाळ हो, मऊ भात आणि मेतकूट, बाहेरचं काही नको." मी हो हो म्हणतोय तोवर चिरंजीव स्पीकरजवळ येऊन म्हणाले, "आजी, बाबांनी मिसळ मागवलीये, पथ्यावर."