वकिलांकडे अडकलेली माझी फाईल

माझ्या घटस्फोटाचा निकाल लागून आता वर्ष होत आले. समुपदेशकांसमोरच्या बैठका, तारखा, समोरच्या बाजूचे म्हणणे यांतले बरेचसे मी विसरले आहे. परंतु पहिल्या वकिलांकडून माझीच कागदपत्रे परत मिळवण्यात जे साडेचार महिने गेले, त्यांची चीड अजूनही गेलेली नाही. हा अनुभव मी त्यासाठीच लिहीत आहे.

ते वकील मला मावसभावाच्या ओळखीने मिळाले. त्याच्या जमिनीच्या वादात त्यांनी चांगले काम केले होते, एवढ्यावर मी विश्वास ठेवला. जमिनीचे दावे चालवणारा वकील कौटुंबिक न्यायालयात रोज उभा राहतो का, हे विचारण्याचे मला सुचले नाही. पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात एक सकाळ जरी बसले असते, तरी कोणते वकील तेथे नेहमी असतात आणि पक्षकारांशी कसे बोलतात, हे मला डोळ्यांनी दिसले असते. पहिल्याच भेटीत त्यांनी ‘सगळे मिळून साठ हजार’ असे तोंडी सांगितले. मी २५,००० रुपये पाकिटात घालून रोख दिले. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मला त्या वेळी वाटले. पुढे १५,००० रुपये ऑनलाइन पाठवले. ‘सगळे मिळून’ म्हणजे नेमके काय, याचा उलगडा मात्र नंतर झाला, कारण प्रत्येक तारखेला येणारे ज्युनियर जाताना एक हजार रुपये वेगळे मागत आणि मी ते देत असे.

दीड वर्षात पुरावा सुरूही झाला नाही. शेवटी मी नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याच्या न्यायालयीन नोंदीची, प्रमाणित प्रत काढली. तिच्यात चार ठिकाणी ‘अर्जदारातर्फे मुदतीचा अर्ज’ असे लिहिलेले होते, म्हणजे माझ्याच बाजूने पुढची तारीख मागितली होती. अर्जदार मीच होते आणि त्या चारही दिवशी मी शाळेतून रजा काढून न्यायालयात बसून होते. प्रत्येकाने आपल्या प्रकरणाचा रोजनामा मधूनमधून स्वतः वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. पुढची तारीख तर सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून ई-कोर्ट्सच्या अॅपवर घरबसल्याही पाहता येते.

मी वकील बदलायचे ठरवले आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. नव्या वकीलबाईंनी सांगितले की आधीच्या वकिलांची ‘ना हरकत’ सही आणि फाईल घेऊन या. मी पहिल्या वकिलांच्या कार्यालयात गेले, तेव्हा ज्युनियरने हिशेबाचा एक कागद पुढे केला. त्यात माझ्याकडून फक्त १५,००० रुपये मिळाल्याची नोंद होती. रोख दिलेल्या रकमेचा उल्लेखच नव्हता. उरलेले ४५,०००, बारा तारखांचे १२,००० आणि ‘कोर्ट फी व किरकोळ खर्च’ ६,५००, असे ६३,५०० रुपये माझ्याकडे बाकी दाखवले होते. मूळ ठरलेल्या रकमेपेक्षाही ही बाकी जास्त होती. वकीलसाहेब एवढेच म्हणाले, “ताई, हिशेब पूर्ण करा, लगेच सही देतो.”

त्या फाईलमध्ये विवाह नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र होते, लग्नातली छायाचित्रे होती आणि आईने स्वतःच्या हाताने लिहिलेली स्त्रीधनाची वही होती. प्रत्येक दागिना, त्याचे वजन, सराफाचे नाव आणि घेतल्याची तारीख तिने निळ्या शाईने नोंदवून ठेवली होती. आई आता नाही. त्या वहीची प्रत मी काढून ठेवली नव्हती, आणि या सगळ्या प्रकरणात मी स्वतःला सर्वाधिक दोष त्याचाच देते. पुढचे अनेक आठवडे मी शाळा सुटल्यावर त्या कार्यालयाच्या जिन्यात उभी राहत असे. कधी ‘सर कोर्टात आहेत’, कधी ‘सर गावी गेले आहेत’, कधी ‘फाईल दुसऱ्या कपाटात आहे, शोधून ठेवतो’, अशी उत्तरे मिळत. एकदा तर काचेच्या दारातून मला माझ्या फाईलचे हिरवे कव्हर कपाटाच्या वरच्या खणात स्पष्ट दिसत होते आणि ज्युनियर मला ती सापडत नसल्याचे सांगत होते. त्या दिवशी मी रिक्षात बसून रडले.

फी बाकी असली तरी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे मला तोवर कोणीच सांगितले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात हे स्पष्ट केलेले आहे; फी वसूल करायची असेल तर वकिलाने त्यासाठी वेगळी कायदेशीर कारवाई करावी, फाईल हे त्याचे तारण नव्हे. ‘ना हरकत’ मिळत नसेल तरीही मार्ग बंद होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे पक्षकार स्वतः लेखी अर्ज करून न्यायालयाच्या परवानगीने आधीचे वकीलपत्र रद्द करू शकतो. नव्या वकीलबाईंनी हा निर्णय उद्धृत करून पहिल्या वकिलांना पोचपावतीसह नोटीस पाठवली. तिच्यासोबत माझ्या पासबुकातली, रोख रक्कम दिली त्याच दिवशी २५,००० रुपये काढल्याची नोंद आणि ‘रक्कम मोजली, बरोबर आहे’ हा त्यांचाच व्हॉट्सअॅपवरचा निरोप जोडला. तो निरोप मी पुसला नव्हता, हे माझे नशीब. झालेल्या कामाचे म्हणून आणखी १०,००० रुपये पावती घेऊन धनादेशाने देण्याची तयारीही आम्ही दाखवली. वकीलपत्र रद्द करण्याचा अर्ज न्यायाधीशांनी पहिल्याच तारखेला मंजूर केला. ज्यासाठी मी चार महिने जिने झिजवले, त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

हिशेबातली कोर्ट फीची रक्कमही चुकीची होती. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याचा खर्च समोरच्या बाजूकडून मागता येतो, तसेच उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही मला दुसऱ्या वकीलबाईंच्या पहिल्या भेटीत कळले. मधल्या काळात भेटलेल्या एका वकिलांनी एकरकमी पोटगीतून दहा टक्के मागितले होते. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, त्यामुळे असे कोणी म्हणाले तर तेथून उठावे.

दुसऱ्या वकीलबाईंनी फी टप्प्यांनुसार कागदावर लिहून दिली, प्रकरण परस्परसंमतीवर आले तर ती किती कमी होईल हेही त्यातच नमूद केले आणि प्रत्येक हप्त्याची पावती न मागता दिली. पुढे प्रकरण खरोखरच संमतीने मिटले, संमतीच्या घटस्फोटात थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदतही न्यायालयाने माफ केली आणि त्या भागाबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही.

नोटिशीनंतर अकराव्या दिवशी ज्युनियरने फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. मी तेथेच जिन्यावर बसून एकेक कागद यादीशी ताडून पाहिला. आईची वही इतर कागदांबरोबर भोके पाडून टॅगमध्ये ओवलेली होती आणि एक भोक नेमके पाटल्यांच्या वजनाच्या आकड्यावर पडले होते. घरी येण्याआधी मी कोपऱ्यावरच्या दुकानात तिच्या तीन प्रती काढल्या. वकीलबाईंना त्यांतली एक दिली. मूळ वही आता माझ्या कपाटात आहे.