आजीचा क्रोशाचा रुमाल आणि उटण्याचा साबण

अनंत चतुर्दशीला बाप्पा गेले की दुसऱ्याच दिवशी मी साबण करायला घेते, कारण तिथून नरक चतुर्दशीपर्यंत बरोब्बर दीड महिना मिळतो आणि घरच्या साबणाला मुरायला तेवढा वेळ लागतोच. अभ्यंगस्नानाला हातात स्वतः केलेली उटण्याची वडी असण्यासारखं सुख नाही, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

यंदा मला त्या वडीवर नक्षी हवी होती. दुकानात मिळतात ते फुलांचे सिलिकॉनचे साचे नको होते, आजीचा क्रोशाचा रुमाल हवा होता. आमच्या घरी टीव्हीवर वर्षानुवर्षं असायचा तो, मधे आठ पाकळ्यांचं फूल आणि बाजूने जाळी.

आधी साबणाचं सांगते. खोबरेल २५० ग्रॅम, राइस ब्रान म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. खोबरेलाने वडी टणक होते आणि फेस येतो पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो म्हणून राइस ब्रान, आणि एरंडेलाने फेस टिकतो. याला कॉस्टिक सोडा ७४ ग्रॅम आणि पाणी १५० ग्रॅम. सगळं डिजिटल काट्यावर मोजायचं, वाटी-चमच्याच्या मापाने अजिबात नाही, आणि एखादं तेल बदललं तर सोडा परत मोजायचा कारण प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो, ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहेत त्यासाठी. ग्लोव्ह्ज, गॉगल, खिडक्या उघड्या, पोरं आणि मांजर स्वयंपाकघराच्या बाहेर. आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. गार पाण्यातही सोडा पडला की दोन मिनिटांत भांड्याला हात लावता येत नाही इतकं तापतं. अॅल्युमिनियमचं भांडं तर अजिबातच नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन निघतो. आपल्याकडचे मोदकाचे जुने साचे बरेचदा अॅल्युमिनियमचेच असतात, ते दिसतात कितीही गोड तरी यात वापरू नका प्लीज.

दोन्ही कोमट झालं की सोड्याचं पाणी तेलात ओतून ब्लेंडर थांबून थांबून फिरवायचा. भज्यांच्या पिठासारखं सरसरीत झालं आणि वरून धार सोडल्यावर रेघ क्षणभर राहिली की मग उटणं. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, संत्र्याची साल, गुलाबपाकळी हे सगळं घरीच कुटते मी, पण वस्त्रगाळ करून घेते, कारण साधं चाळलेलं उटणं अंगाला बोचतं आणि त्याचे कण नक्षीत काळे ठिपके होऊन बसतात. एवढ्या तेलाला दीड चमचा पुरे. उटण्याचा वास मात्र सोड्यात बराचसा उडून जातो म्हणून वरून वाळ्याचं तेल १० मिली.

अर्ध्या मिश्रणात मी अर्धा चमचा हळद घातली, आणि बघता बघता ते वीटकरी लाल झालं! आपल्या साडीवरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो ना, तेच हे. कुंकूही असंच, हळदीला चुना लागून लाल होतं. मुरता मुरता तो लाल उतरत जाऊन वडी केशरी-पिवळी झाली, रोज सकाळी उठून रंग बघायची सवयच लागली होती मला.

आता नक्षी. पहिल्या खेपेला मी खूप घाई केली. रात्री ओतलं आणि सकाळी दहाच्या सुमाराला रुमाल थेट वर दाबला. साबण अजून मऊ होता, खव्यासारखा, रुमाल उचलला तर वरचा थरच सोबत आला आणि जाळीच्या भोकाभोकांत साबण अडकला. मला रडू आलं, कारण आजीच्या हातचा तेवढा एकच रुमाल उरलाय. तीन पाण्यांनी हळूहळू धुतला, वाचला.

दुसऱ्या खेपेला पूर्ण ३० तास थांबले. खायच्या वडीला काप मारायची वेळ असते ना, बोट लावलं तर चिकटत नाही पण दाबलं तर खळगा पडतो, नेमकी तीच वेळ साबणालाही लागते. दोन दिवसांनी केलं असतं तर कडा तडकल्या असत्या. सपाट प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये थापल्यासारखा ओतला होता, त्यावर पातळ क्लिंग फिल्म, त्यावर रुमाल, आणि वाटीच्या बुडाने मधून बाहेर दाबत गेले. लाटणंही फिरवून बघितलं पण त्याने रुमाल सरकतो. मग कडेचा धागा चिमटीत धरून अगदी सावकाश उचलला आणि आठही पाकळ्या खाली उमटलेल्या, धाग्याचा पीळसुद्धा दिसत होता! करंजीच्या प्लॅस्टिकच्या कातण्याने कापून घेतल्या वड्या, कडेला नागमोडी झालर आली. ग्लोव्ह्ज घालूनच हं, या वेळी साबण अजून कच्चा असतो. ते कातणं आता साबणालाच ठेवलंय.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी ट्रेच्या तळाला बबल रॅप अंथरून वर साबण ओतावा, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी येते आणि एका दिवसाने सहज सुटतो. माझ्या बहिणीने तसंच केलं, हळदीच्या रंगाला तर ते फारच शोभतं.

वड्या जाळीवर सुटसुटीत मांडून सहा आठवडे, मधे मधे उलटायच्या. वापरायला काढल्यावर नक्षीच्या खाचांत पाणी साचून वडी लवकर मऊ पडते म्हणून साबणदाणीत आडवी नाही, उभी टेकवून ठेवते मी.

परवा आई आली होती. मी काही न बोलता एक वडी तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, अंगठा फिरवला, आणि खालच्या डाव्या पाकळीपाशी थांबली. "इथे एक टाका सुटलाय बघ," म्हणाली, "आजी कायम म्हणायची, उसवून परत करते, कधी केलंच नाही." मी जाऊन रुमाल आणला. आहे खरंच, आणि बाराच्या बारा वड्यांवर आलाय तो.