मशीनवरचं टेबल

रविवार

माझ्या लिहायच्या टेबलाचा निकाल लागला. येणार नाही. डोंबिवलीतलं आमचं वन बीएचके, त्यात पाच माणसं, दोन दिवाण, फ्रिज आणि धाकट्याची सायकल (ती घरात का, यावर पुन्हा कधीतरी). सुतारानं टेप लावला, इकडून मोजलं, तिकडून मोजलं आणि टेप मुकाट खिशात टाकला. "ताई, भिंतीला फोल्डिंगची फळी मारून देतो." ज्या भिंतीला मारणार, तिथूनच बाथरूमची वाट. म्हणजे कुणी आंघोळीला निघालं की मी फळी मिटून उभी राहायचं.

रात्री जेवताना हा म्हणाला, "बहिणाबाईंना कुठं टेबल लागलं होतं? जात्यावर बसून..." हे मी वर्षातून दोनदा तरी ऐकते. आज सोडलं नाही. म्हटलं, त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि लिहून ठेवायला सोपानदेवांसारखा मुलगा होता. तरी पुस्तक निघालं १९५२ साली आणि त्या गेल्या १९५१ मध्येच. आपले सोपानदेव तर स्वतःची पाण्याची बाटली भरत नाहीत. थोरल्यानं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "कोण?"

आई काही बोलल्या नाहीत. मागचं आवरताना मात्र हळूच म्हणाल्या, "अगं, माझ्या मशीनवर बसत जा की."

सोमवार

आईंची पायमशीन बेडरूमच्या खिडकीशी आहे. गुडघे दुखायला लागल्यापासून बंदच, वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर गोळ्यांचा डबा. आज दोघींनी मिळून पट्टा काढला, मशीनचं डोकं आत झोपवलं, वरची फळी लावली. सपाट! मापून बघितलं, जमिनीपासून ३० इंच. विकतचं टेबल तरी याहून वेगळं काय असतं?

खण रिकामा करून देते म्हणाल्या आणि तासभर तिथंच रमल्या. मी पण. बॉबिनी, खडूचे झिजलेले तुकडे, मोडक्या सुया काडेपेटीत, हुकांची पत्र्याची डबी. तळाशी मापांची वही. नावं नाहीतच. "तिसरा मजला. छाती ३६, बाही ९. गळा मागून खोल नको म्हणते, पण हवाय." शेवटचं वाक्य वाचून मी आईंकडे बघितलं. त्या रिळं गुंडाळत होत्या. माझ्या अख्ख्या कथेत इतकी जिवंत ओळ नाही. वही खणातच ठेवली आहे.

बुधवार

दोन दिवसांत टेबलावर काय काय आलं: इस्त्रीचे कपडे, लग्नपत्रिका, याच्या गाडीची किल्ली, धाकट्याचा भूगोल. मी बसलेली असले तर आणखी वाईट. "बसलीच आहेस तर तीन शिट्ट्यांनी गॅस बंद कर." बसलीच आहेस!

दुपारी आईंना विचारलं, तुम्ही ३० वर्षं इथं ब्लाऊज शिवलेत, तुमच्या मशीनवर कुणी सामान टाकायचं? त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाल्या, "माझी खडखड ऐकू यायची ना. आवाज थांबला की तुझे सासरे यायचे, चहा टाकतेस का म्हणून. चालू असला की कुणी फिरकायचं नाही."

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. कुकर वाजतो, मिक्सर वाजतो, याची ऑफिसची मीटिंग तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाते. माझ्या लिहिण्याला आवाज नाही. आणि त्यातला निम्मा वेळ मी समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे बघत असते, तेव्हा तर मला स्वतःलाही खात्री नसते काम चाललंय याची.

शुक्रवार

दिवाळी अंकाची कथा जुलैअखेर द्यायची आहे आणि नायिका पाच दिवस जिन्यातच उभी. घरात जावं की परत फिरावं, तिचं ठरेना. विचार करता करता माझे पाय पायडलवर गेले. पट्टा नाही, त्यामुळे नुसतं मोठं चाक फिरतं. पण आवाज तोच. खडखड, खडखड. गंमत वाटली म्हणून थांबले नाही.

बाहेर धाकट्याचा आवाज आला, "आई कुठंय?"

"मशीनवर," थोरला म्हणाला.

"मग नंतर सांगतो."

मी श्वास रोखून ऐकलं. खरंच कुणी आलं नाही. पाऊण तास! कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस कुणीतरी बंद केला. नायिका जिना उतरून खाली आली, रिक्षात बसली. दीड पान झालं. अधूनमधून सुचेनासं झालं की मी पाय जरा जोरात मारत होते.

दार ढकलून आई आल्या. हातात मशीनच्या तेलाची चोचवाली डबी. वाकता येत नाही, म्हणून काठीनं दाखवलं.

"तिथं, डाव्या बाजूला. दोनच थेंब घाल, पायाला हलकं जाईल. जास्त नको हं, आवाज जाईल."