मशीन तेच, पण टोळी बदलली की माल का कमी निघतो?

भूमिगत खाणीत एखाद्या शिफ्टला माल कमी निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं मशीन बंद होतं? सगळी चालू होती म्हटलं की मग सगळे गप्प. हजेरीचं रजिस्टर मात्र कोणी मागवत नाही, मला विचाराल तर आधी तेच उघडावं.

आता बघा, कोळशाच्या फेसवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष कोळसा कापतात तिथे, कंटिन्युअस मायनर हे कापणारं मशीन चालू आहे, मागे शटल कार, म्हणजे कोळसा वाहून नेणारी गाडी, येते, भरते, जाते. अंधार, धूळ, आणि आवाज एवढा की ओरडून काही उपयोग नाही, त्यामुळे बरंचसं बोलणं कॅप लॅम्पच्या उजेडानेच चालतं. रोजचा ड्रायव्हर असेल तर ऑपरेटर मागचा कन्व्हेयर कुठल्या बाजूला वळवणार हे त्याला आधीच कळतं आणि गाडी बरोबर तिथेच लागते. बदलीवाला असला की तो जरा लांबच थांबतो, इशारा मिळाल्यावर पुढे येतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं, अनोळखी माणसाच्या मशीनजवळ अंधारात कोण घुसेल! पण हे थोडे थोडे सेकंद प्रत्येक खेपेला जातात, आणि शिफ्टभर खेपाच तर चालू असतात.

गुडमन आणि लेडन या संशोधकांनी 1991 मधे कोळसा खाणीतल्या टोळ्यांवर हेच दाखवलं, माणसं एकमेकांना आणि त्या जागेला कमी ओळखत असतील तर उत्पादन कमी. त्याच्याही आधी, 1951 मधे, ट्रिस्ट आणि बॅमफोर्थनी ब्रिटनच्या खाणींबद्दल लिहिलं होतं की लाँगवॉल, म्हणजे लांबलचक फेस एकसलग कापायची पद्धत, आल्यावर सगळं काम मिळून करणाऱ्या छोट्या टोळ्या मोडल्या, कापणारे एका शिफ्टला, भरणारे दुसऱ्या, आणि एकाचं अर्धवट काम दुसऱ्याच्या गळ्यात. यंत्रं आली पण अपेक्षेएवढं उत्पादन काही आलं नाही, गैरहजेरीचा त्रास वेगळाच.

उष्णता, दमट हवा, रात्रपाळीची पेंग, फेसपर्यंत जाण्यायेण्यात जाणारा वेळ, हे सगळं आहेच, पण त्यावर निदान चर्चा तरी होते. टनावर बोनस हा उपाय तर मला धोक्याचाच वाटतो, घाईत पहिली काटछाट छताच्या बोल्टिंगमधेच, म्हणजे छत कोसळू नये म्हणून बोल्ट मारण्यातच, व्हायची.

त्यापेक्षा राखीव माणूस कायम एकाच सेक्शनला जोडून ठेवा, अधूनमधून त्याच टोळीबरोबर खाली पाठवा, आणि सुट्ट्या अशा लावा की ऑपरेटर आणि शटल कारवाला एकाच दिवशी गायब नसतील. याला नवीन मशीन लागत नाही, फक्त रोस्टर बनवणाऱ्याने फेसवर नक्की कोण कोणाबरोबर काम करतं ते एकदा जाऊन बघायला हवं.