नागपूरहून खाडीवर कशाला?

“काहून जाता जी इतक्या लांब? आपला गोरेवाडा काय वाईट आहे?” फेब्रुवारी सरत आला आणि मी ठाण्याच्या खाडीकाठच्या ऐरोलीला निघालो की नागपुरात हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

गोरेवाडा वाईट नाहीच. पक्षी बघायला मी तिथे आणि अंबाझरीवरच शिकलो. पण आपल्या तलावांचं पाणी दिवाळीनंतर हळूहळू उतरतं, काठचा चिखल उघडा पडायला महिने जातात. ठाण्याच्या खाडीत हेच दिवसातून दोनदा घडतं. ओहोटी लागली की तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या पुढे चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांची पंगत बसते. कुणाच्या वाट्याला काय, ते चोच ठरवते. तुतवार वरचेवर टिपत पळतो. गॉडविट लांब चोच मुळापर्यंत खुपसतो आणि आतल्या आत तिचं फक्त टोक उघडून किडा धरतो. फ्लेमिंगो डोकं उलटं करून, जिभेनं पाणी आत-बाहेर ढकलत शेवाळ गाळून घेतो.

आणि फेब्रुवारीअखेरच का, तर तेव्हा परतीची तयारी चालू असते. हिवाळाभर राखाडी असलेले गॉडविट मानेवर विटकरी होऊ लागतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं (हा ‘गल’ जातीचा पाणपक्षी) डोकं थंडीत पांढरं असतं, डोळ्यामागे नुसता गडद ठिपका. आता तो रंग पसरायला लागतो. एकाच थव्यात ठिपकेवाला, अर्धवट रंगलेला आणि पुरती टोपी चढलेला, असे तिन्ही शेजारी शेजारी बसलेले दिसतात. यांची वीण लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर. हा रंगबदल बघताना मला दुर्बीण खाली ठेववत नाही.

२०१५ मध्ये ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. फार चांगलं झालं. पण भरती आली की चिखल बुडतो, आणि तेवढा वेळ पक्ष्यांना टेकायला आसपासची उथळ तळी लागतात. ती बुजली तर अभयारण्य असूनही हे पक्षी उभे कुठे राहतील? मला याची फार काळजी वाटते.

यायचं असेल तर रेल्वेच्या तिकिटाआधी भरतीची वेळ बघा. ऐरोलीची बोटही तिच्यावरच सुटते. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे या शनिवारी सकाळी भरती असली तर पुढच्या शनिवारी त्याच सुमारास ओहोटी असते.