स्टेपनी आपल्या हाताने बदलायची तर

गणपतीत पुण्याहून गुहागरला जायचं होतं. गाडी मी चालवणार आणि सोबत आई. उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, हा आमचा नेहमीचा रस्ता. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला होता, पण त्याचा उपयोग फोन लागला तर. घाटात पावसाळी धुक्यात रेंज गेली की मदतीची गाडी येणार कशी? निदान टायर तरी आपला आपल्याला बदलता यायला हवा, असं मी ठरवलं आणि एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिकी रिकामी केली.

आमच्या गाडीत स्टेपनी डिकीत नाही, गाडीच्या पोटाखाली लटकवलेली असते. डिकीच्या कडेला एक रबरी बूच, ते काढून आत पाना घालायचा आणि फिरवत राहायचं. मग तारेला बांधलेलं चाक हळूहळू खाली येतं. आमचं आलं ते चिखलाने माखलेलं. हवा 33 हवी, निघाली 14. टायरच्या भिंतीवर एक लंबगोल चौकट असते, तिच्यात चार आकडे: 2318. म्हणजे 2018 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. रबर न वापरताही म्हातारं होतं. तो टायर बदलूनच घेतला.

खरी झटापट नटांशी झाली. टायरवाले हवेच्या गनने नट असे आवळतात की हाताने ते तसूभरही हलत नाहीत. गाडीबरोबर मिळालेला पाना वीतभर लांबीचा, त्याला जोर येणार कुठून? वॉचमन काका बघत होते. ते म्हणाले, "ताई, हाताने नाही, पायाने." पाना आडवा बसवला, मोकळं टोक डावीकडे, आणि त्यावर पायाने वजन टाकलं. कर्र आवाज करत नट सुटला. हे चाक जमिनीवर असतानाच करायचं. आधी जॅक लावलात तर चाकच फिरत बसतं, आणि जॅकवरच्या गाडीला धक्के देणं धोक्याचं. नट थोडे सैल केल्यावर मग जॅक. तोही हवा तिथे नाही, दाराखालच्या पत्र्याला जिथे खाचा असतात बरोबर तिथे. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही.

त्या दिवशी घामाघूम झाले, पण नंतर दुकानातून लांब दांड्याचा पाना आणला. सिगारेटच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंपही घेतला. ऑनलाइन मिळणारी 'इमर्जन्सी किट' मात्र घेतली नाही. निम्म्या वस्तू शोभेच्या असतात आणि त्यातली जंपर केबल इतकी बारीक की स्टार्टरचा करंट तिला झेपणार नाही. जाड तांब्याची वेगळी घेतली. बाकी डिकीत टॉर्च, हातमोजे, रेनकोट, पाण्याचा कॅन. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीबरोबरच आलेला होता, अजून प्लास्टिकमध्येच. 1033 आणि 112 हे नंबर कागदावर लिहून काचेला चिकटवले. 1033 राष्ट्रीय महामार्गांसाठी, 112 कुठेही.

आणि पंक्चर झालंच. पाटण सोडल्यावर, घाट उतरायच्या आधी, रिमझिम पावसात. स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं तशी गाडी हळू करून रस्त्याबाहेर सपाट जागा मिळेपर्यंत नेली. हॅझार्ड लाइट लावले. (धो धो पावसात चालत्या गाडीचे हॅझार्ड लावून जाणारे मला आवडत नाहीत, ते कुठे वळणार हे कळतच नाही.) त्रिकोण मागे वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवला, कारण वळणानंतर ठेवून काय उपयोग! आईला छत्री देऊन रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे उभं केलं. गाडीत बसून राहणं सगळ्यात वाईट.

नट सुटले सहज. पण जॅक फिरवू लागले तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच लाल मातीत रुतायला लागला. पार्किंगच्या सिमेंटवर हा प्रश्न आलाच नव्हता. शेजारच्या शेताच्या बांधावरून एक आजोबा आले, म्हणाले, "खाली फळी घाल की पोरी," आणि कुठूनतरी एक जाड फळकूट घेऊन आले. त्यावर जॅक ठेवला आणि काम झालं. नट आवळताना आई छत्रीखालून विचारत होती, "घट्ट झाले ना गं?"

चिपळूणला पंक्चरवाल्याने टायरमधून खिळा काढला, पट्टी घातली आणि चाक पुन्हा लावताना सवयीने गन उचलली. म्हटलं, "दादा, गन नको, हाताच्या पान्याने आवळा." त्याने जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण आवळले. फळी आता डिकीत आहे, जॅकच्या शेजारी. आजोबांनी परत घ्यायला नकार दिला होता.